डागाशेजारचे पोलाद

श्रोतेहो, भंडाऱ्याला पितळेचे गाव म्हणतात. डाग दिलेले भांडे गळू लागले की आपण आधी डाग देणाऱ्याला बोल लावतो, नाही का? वीजकेंद्रातला वाफेचा नळ जोडाशी फुटला, तरी पहिला संशय जोडणाऱ्यावरच जातो. पण दर वेळी दोष त्याचा नसतो.

१९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर तिरोडा आपलाच तालुका. तिथे आता ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. अशा संचातली वाफ साडेपाचशे अंशांहून अधिक तापलेली असते. तेवढ्याने पोलाद काही वितळत नाही. पण दाबाखाली ते वर्षानुवर्षे, दिसेल न दिसेल असे ताणत राहते. या सरपटण्याला 'क्रीप' म्हणतात. १९१० साली अँड्रेड या इंग्रज शास्त्रज्ञाने शिशाच्या तारा ताणून त्याचे सूत्र मांडले होते.

पुढे १९७४ साली, म्हणजे नागपूरजवळ कोराडीचा पहिला संच सुरू झाला त्याच वर्षी, शूलर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी जोडाजवळच्या तड्यांचे चार प्रकार पाडले. त्यांतला चौथा मोठा लबाड. तो जोडात नसतोच, दोन-तीन मिलिमीटर पलीकडे असतो!

असे का? जोड देताना शेजारचे पोलादही तापते. त्यात एक पट्टा असा, की तिथले कण बारीक होतात आणि पोलादाचा मूळचा कस उतरतो. हा मऊ पट्टा लवकर सरपटू पाहतो. दोन्हीकडचे कठीण पोलाद त्याला आवळून धरते. या ओढाताणीत कणांच्या सीमांवर पोकळ्या पडतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या. त्या एकमेकींना मिळून भेग होते, भेगेचा तडा. जोडानंतर नळ पुन्हा सुमारे साडेसातशे अंशांपर्यंत शेकतात, तरी पट्ट्याचा गेलेला कस परत येत नाही.

तपासनीस नळ घासून, चकचकीत करून, शिलालेखाचा घ्यावा तसा त्याचा पातळ पापुद्र्यावर ठसा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण पोकळ्या पुष्कळदा आधी नळाच्या जाडीत, आतच पडतात. म्हणून ध्वनिलहरींनीही ठाव घ्यावा लागतो.

गुरुजी, वर्गात हे सरपटणे दाखवायचे असेल, तर शिसे-कथलाच्या डागाच्या तारेला बेताचे वजन टांगा, खुणा करा आणि रोज मोजा. तार हाताळल्यावर मुलांचे हात मात्र धुवून घ्या.