अनवाणी पावलांचा इतिहास

मित्रहो, पहाटे अमरावती किंवा अकोला शहराबाहेरच्या रस्त्यावर गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतील. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात साधे कॅनव्हासचे जोडे, तर काही चक्क अनवाणी. अशाच एका पोरानं परवा मला विचारलं, "काका, अमेरिकेतले लोकं हजारो रुपये देऊन पातळ तळाचे जोडे घेतेत म्हणते. मंग आपले उघडे पाय काय वाईट हायेत?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन जुनी पानं चाळली.

अनवाणी चालणं आपल्या वऱ्हाडाला नवं नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड निघते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सुमारे अठरा किलोमीटर अंतर तोडून राजराजेश्वराला वाहायचं. ही प्रथा १९४४ पासूनची, पाऊस रुसला होता त्या सालापासूनची, असं सांगतात. खांद्यावर भरण्यांचा भार आणि पाय उघडे! पण ते व्रत आहे. एका दिवसापुरतं आणि आपल्या मर्जीनं घेतलेलं. उरलेल्या दिवसांत काळ्या रानाच्या भेगांतून जे पाय उघडे चालत, त्यांना मर्जी कोण विचारत होतं? वहाणा शिवणाऱ्यालाच त्या घालून गावातून चालायची मुभा नव्हती, अशीही गावं महाराष्ट्रात होती.

धावण्याच्या इतिहासातही हेच दिसतं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती. ना शास्त्रशुद्ध सराव, ना धड आहार. तरीही त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या, असं दोराबजींनी पुढे ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना १९२९ साली लिहिलेल्या पत्रात नमूद केलं. त्यांच्याच खटपटीनं १९२० साली भारतीय चमू बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिम्पिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पावणेत्रेचाळीस किलोमीटरची ती मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, त्यांच्या अठरा मिनिटं आधी. ऑलिम्पिक मॅरेथॉनमधली आपली ही पहिली हजेरी कौतुकाची खरीच. पण मला वाटतं, या अठरा मिनिटांचा हिशेब बुटांत शोधू नये. तो वर्षानुवर्षांच्या सरावात, आहारात आणि मार्गदर्शनात शोधावा.

मग १९६० साल आलं. इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. जगानं तोंडात बोटं घातली. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा सुवर्ण जिंकला आणि वेळही तीन मिनिटांनी कमी झाली. आपले शिवनाथसिंग पायांना चिकटपट्ट्या गुंडाळून धावत. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली. हा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ कुणाला मोडता आला नाही.

शास्त्रज्ञ काय म्हणतात? हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली दाखवून दिलं, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा टाचेऐवजी चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो. झालं! पातळ तळाच्या बुटांची लाट आली. पण जन्मभर जाड बूट वापरून एकाएकी ते काढून टाकणाऱ्यांच्या पावलांची हाडं दुखावू लागली. अशा बुटांच्या एका नामांकित कंपनीवर, फायद्याचे दावे सिद्ध न करता केले म्हणून अमेरिकेत खटला गुदरला आणि २०१४ साली तिनं लाखो डॉलर देऊन तो मिटवला. पायाची ताकद दुकानात मिळत नाही. ती सवयीनं, हळूहळू येते.

आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता करे? नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून शर्यतीत अनवाणी धावली आणि जिंकली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. टाळ्या आपण वाजवल्या. पण त्या धावल्या त्या औषधाच्या खर्चासाठी, हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाबू, उघडे पाय वाईट नाहीत. तुझे तळवे लहानपणापासून तयार आहेत, ती तुझी कमाई आहे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीवर धाव, काचा-काटे बघ आणि जोडे घालायचे तर अंतर हळूहळू वाढव."

तो हसला आणि म्हणाला, "जोडे असते तं विचारलंच नसतं, काका."

अनवाणी धावणं चांगलं की वाईट, हा प्रश्न ज्याच्या घरी बूट आहेत त्याला पडतो, मित्रहो. बूट घरी असावेत आणि मग ते खुशाल काढून ठेवावेत. एवढी मुभा आपल्या प्रत्येक पोराला मिळाली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)