अक्षर आणि अंगरखा

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर, १९९८ साली, त्यांनी आमच्या गावाचा एक छोटेखानी इतिहास लिहिला होता. फुलस्केप कागदावर हाताने लिहायचे आणि तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून वर्डमध्ये टाइप करून आणायचे. मधे मधे जुने फोटो, फोटोखाली चौकटीत दोन ओळी. पुस्तक काही निघालं नाही. उरली ती एक फाइल, फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून माझ्याकडे आलेली. मागच्या महिन्यात आईने वाचायला मागितली म्हणून उघडली, तर पानभर रोमन अक्षरं, टिंबं, चौकोनी कंस, उद्गारचिन्हं यांचा नुसता सडा. फोटो भलत्याच पानांवर.

फाइल खराब झाली नव्हती. ती १९९८ साली जशी होती तशीच होती, आणि हीच तर गंमत आहे! त्यासाठी जरा मागे जायला हवं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या वर्डस्टारमध्ये एखादा शब्द ठळक करायचा तर त्याच्या आधी आणि नंतर कंट्रोल-पी-बी दाबावं लागे. पडद्यावर शब्दाच्या दोन्ही बाजूंना खुणा दिसत, ठळकपणा दिसे तो कागदावरच. पण त्याच्याही आधी, १९७४ साली, कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी आल्टो या संगणकासाठी 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात ठळक अक्षर पडद्यावर ठळकच दिसायचं. जे दिसतं तेच छापून मिळतं, ही कल्पना तिथली. (ब्राव्होत एक खोडही होती. मजकूर घालायची आज्ञा न देता कुणी 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई, तिसऱ्याने नवा मजकूर घालायची तयारी होई आणि चौथं, 'टी', तेवढं कागदावर उरे.)

ब्राव्होची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट पडद्यामागे आहे. अक्षरं साठवली जात एकीकडे आणि त्यांचं 'रूप' वेगळं. परिच्छेद संपला की एक खूण, आणि तिच्यापुढे तो कसा दिसावा याची नोंद. सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि रिचर्ड ब्रॉडी यांच्याबरोबर त्यांनी केलेला वर्ड १९८३ साली बाजारात आला. वर्डमध्येही वेगळेपणाचं हेच तत्त्व. फॉन्ट, आकार, ठळकपणा हा अक्षराचा अंगरखा. एक काढा, दुसरा घाला, आतलं 'ए' हे 'ए'च राहतं. इंग्रजीत फॉन्ट बदलला म्हणून पत्र वाचता येईनासं झालं, असं कुणाच्या बाबतीत झालेलं नाही.

मराठीत झालं. १९९०च्या दशकातल्या साध्या फॉन्टमध्ये २५६ घरं असत, त्यातलीही सगळी वापरता येत नसत. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, रफार एवढ्यात बसवायचे कसे? मग टाइपरायटरचीच युक्ती पुढे चालवली, अक्षरांचे तुकडे करायचे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण (आयएस १३१९४) १९९१ साली झालं होतं, सी-डॅकचं जिस्ट कार्ड तर संगणकात बसवता येत होतं. पण वर्डला देवनागरी जुळवायचं ज्ञान नव्हतं. तेव्हा वर्डला आपण इंग्रजीच लिहितोय असं भासवायचं आणि इंग्रजी अक्षराच्या जागी आपल्या तुकड्याचं चित्र ठेवायचं, हा मार्ग निघाला. उदाहरणार्थ कृतिदेव या हिंदीत फार चाललेल्या फॉन्टमध्ये 'भारत' लिहायचं तर एच-के-के-जे-आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याची उभी काठी, दुसरा के म्हणजे काना. फाइलमध्ये साठतात ती ही पाच इंग्रजी अक्षरं. 'भारत' हा शब्द तिथे कुठेच नसतो, तो फक्त अंगरख्यात असतो.

ज्यांनी त्या काळी असं टाइप केलंय त्यांना पानभर उमटणाऱ्या लाल नागमोडी रेघा आठवत असतील. वर्डच्या दृष्टीने आपलं सगळं लेखन म्हणजे चुकलेलं इंग्रजी! परिच्छेदाचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करायची त्याची सवय तर छळच. कृतिदेवात लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क, त्यामुळे 'कमल'ची 'क्मल' व्हायची. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं निराळी.

हा गुंता सुटला तो युनिकोडमुळे. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ घरं मिळाली, इस्कीच्याच धर्तीवर. क म्हणजे क, मग तो कसाही दिसो. विंडोज २०००मध्ये देवनागरी जुळवायची सोय आली आणि 'मंगल' फॉन्टही. तो रेखाटला होता सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी. पण आधीच्या काळात टाइप झालेलं सगळं अंगरख्यातच अडकून राहिलं.

तर वडिलांची फाइल. त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम मिळाला. तो तुकडे जोडतो, अक्षराआधी टाइप केलेली वेलांटी अक्षरामागे नेतो, नंतर टाइप केलेला रफार आधी आणतो. पहिल्यांदा मी सगळा मजकूर नोटपॅडमध्ये टाकून मग बदलला आणि पस्तावलो. वडिलांनी जागोजागी जुन्या सरकारी कागदांतले इंग्रजी शब्द दिले होते. नोटपॅडमध्ये फॉन्टच पुसला गेला, आणि इंग्रजी कुठलं, मराठी कुठलं हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. इंग्रजी शब्दांची अगम्य मराठी झाली. मग मूळ फाइलवरच, फॉन्टचं नाव बघून तुकड्यातुकड्याने बदल केले. फोटोंचंही कारण असंच निघालं. वर्डमध्ये मोकळा ठेवलेला फोटो जवळच्या परिच्छेदाला बांधलेला असतो. बदली फॉन्टमुळे ओळी लांबल्या, परिच्छेद पुढच्या पानावर गेले, त्यांच्यामागून फोटो गेले. फॉन्ट बदलल्यावर बहुतेक जागेवर आले.

राहिल्या फोटोखालच्या चौकटी. वर्ड चौकटीतला मजकूर मुख्य मजकुरापासून वेगळा धरतो, त्यामुळे माझ्या मॅक्रोने त्यांना हातच लावला नव्हता. सतरा चौकटी. एकेक उचलून बदलत बसलो. शेवटच्या फोटोत बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने उभ्या आहेत. खाली उमटलं: 'दुष्काळी काम, १९७२. डावीकडून चौथी आमची मंडळी.'

प्रिंट काढून आईला दिली. तिने चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला.

"मी कुठली? तुझी आत्या आहे ती," म्हणाली. "मी पाचवी."