डार्क्स

डार्क्स ही संगणकीय आज्ञावलींतील बदलांची नोंद ठेवणारी एक मुक्त-स्रोत, वितरित आवृत्ती नियंत्रण प्रणाली आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड राउंडी यांनी ती विकसित केली आणि एप्रिल २००३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ही प्रणाली हॅस्केल या फलनात्मक भाषेत लिहिलेली असून जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली उपलब्ध आहे. बहुतेक आवृत्ती नियंत्रण प्रणाली प्रकल्पाचा इतिहास एकामागून एक येणाऱ्या अवस्थांच्या रूपात जतन करतात. डार्क्समध्ये मात्र इतिहास म्हणजे पॅचचा संच होय आणि या पॅचचा क्रम शक्य तेथे बदलता येतो. या कल्पनेमुळे डार्क्स नवशिक्यांना सुलभ वाटली. मात्र तिच्यासाठी कराव्या लागणाऱ्या गणनेचा भार हीच पुढे तिची मोठी मर्यादा ठरली.

पार्श्वभूमी

पॅच या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ असा आहे. छिद्रित कागदी फितींच्या काळात आज्ञावलीतील चूक सुधारण्यासाठी फितीवर प्रत्यक्ष ठिगळ चिकटवले जाई. पुढे संचिकेच्या दोन आवृत्त्यांमधील फरक दाखवणाऱ्या मजकुरालाही हेच नाव मिळाले. असा फरक शोधणारी ‘डिफ’ ही आज्ञावली १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत तयार झाली, तर तो फरक दुसऱ्या प्रतीवर लागू करणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली.

आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या आरंभीच्या प्रणालींमध्ये मार्क रॉकाइंड यांची एससीसीएस (१९७२) आणि वॉल्टर टिची यांची आरसीएस (१९८२) या प्रमुख होत. या प्रणाली प्रत्येक संचिकेचा इतिहास स्वतंत्रपणे ठेवत. त्यानंतर रूढ झालेल्या सीव्हीएसमध्ये संपूर्ण प्रकल्प एका मध्यवर्ती भांडारात ठेवला जाई. त्यामुळे बदल नोंदवण्यासाठी त्या भांडाराशी जोडणी आणि तेथे लिहिण्याची परवानगी आवश्यक असे. नव्या योगदानकर्त्याकडे सहसा अशी परवानगी नसे. त्याला आपला पॅच जुन्या सदस्यांकडे पाठवून तो स्वीकारला जाण्याची वाट पाहावी लागे.

इतिहास

जून २००२ मध्ये राउंडी यांनी जीएनयू आर्च या प्रणालीसाठी पॅचचे नवे स्वरूप सुचवण्याचा प्रयत्न केला. त्या चर्चेतून नवे स्वरूप निघाले नाही. पण पॅचच्या सिद्धान्ताची मांडणी आकाराला आली. राउंडी यांनी डार्क्सची पहिली आवृत्ती सी++ भाषेत लिहिली आणि काही महिन्यांतच, २००२ च्या शरद ऋतूत, ती हॅस्केलमध्ये नव्याने लिहून काढली. एप्रिल २००८ मध्ये डार्क्स २ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

पॅचचा सिद्धान्त

डार्क्सची रचना दोन नियमांवर आधारलेली आहे. पहिला नियम असा, की प्रत्येक पॅचला त्याचा परिणाम पूर्णपणे रद्द करणारा एक व्यस्त पॅच असतो. दुसरा नियम असा, की परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन पॅचचा क्रम बदलला तरी अंतिम परिणाम तोच राहतो. बेरीज व गुणाकाराच्या संदर्भात शालेय गणितात शिकवल्या जाणाऱ्या क्रमनिरपेक्षतेशी या नियमाचे साम्य आहे. फरक इतकाच, की क्रम बदलताना पॅचचा तपशीलही बदलावा लागू शकतो.

उदाहरणार्थ, एका संचिकेत बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी ही नावे पाच ओळींत लिहिली आहेत. पॅच ‘अ’ तिसऱ्या ओळीवर पृथ्वीचे नाव घालतो. त्यानंतरचा पॅच ‘ब’ सातव्या ओळीवर युरेनसचे नाव जोडतो. एखाद्याला केवळ ‘ब’ हवा असल्यास डार्क्स दोन्ही पॅचचा क्रम उलटा करते. पृथ्वीची ओळ नसल्याने युरेनसचे स्थान आता सहावे ठरते आणि ‘ब’मधील ओळ क्रमांक त्यानुसार आपोआप बदलतो. मात्र पृथ्वीच्या ओळीतच दुरुस्ती करणारा पॅच ‘क’ हा ‘अ’शिवाय घेता येत नाही, कारण दुरुस्त करायची ओळच ‘अ’मुळे अस्तित्वात येते. हे अवलंबित्व वापरकर्त्याला सांगावे लागत नाही. डार्क्स ते स्वतः ओळखते.

ओळी घालणे वा काढणे याखेरीज शब्द बदलण्याचा वेगळा पॅचही डार्क्समध्ये आहे. एका व्यक्तीने आज्ञावलीतील ‘वेग’ हे चलनाम सर्वत्र बदलून ‘गती’ केले आणि त्याच वेळी दुसरीने ‘वेग’ वापरून नव्या ओळी लिहिल्या, तर दोन्ही पॅच एकत्र आल्यावर नव्या ओळींतही ‘गती’ हेच नाव दिसते.

प्राथमिक वापर

डार्क्स शिकू लागलेल्या व्यक्तीला दैनंदिन कामासाठी मोजक्याच आज्ञा पुरतात. ‘इनिशियलाइझ’ या आज्ञेने चालू निर्देशिकेत भांडार तयार होते. ‘ॲड’ने नव्या संचिका नोंदीखाली येतात. ‘व्हॉट्स न्यू’ ही आज्ञा अद्याप न नोंदवलेले बदल दाखवते, तर ‘रेकॉर्ड’ ते बदल पॅचच्या रूपात जतन करते.

‘रेकॉर्ड’ ही आज्ञा दिल्यावर प्रणाली प्रत्येक बदल क्रमाने दाखवून तो नोंदवायचा की नाही हे विचारते. वापरकर्ता होय किंवा नाही असे एका अक्षरात उत्तर देतो व शेवटी पॅचला नाव देतो. परिणामी, एकाच बैठकीत केलेली चूक-दुरुस्ती आणि नवी सुविधा यांचे दोन स्वतंत्र पॅच सहज करता येतात. इतरांचे पॅच आणणारी ‘पुल’ आणि आपले पॅच पोहोचवणारी ‘पुश’ या आज्ञाही अशीच विचारणा करतात. एखादा पॅच नाकारल्यास त्यावर अवलंबून असलेल्या पॅचविषयी पुढे विचारले जात नाही. ‘सेंड’ या आज्ञेने पॅच ई-मेलद्वारे पाठवता येतो. मूळ भांडारात लिहिण्याची परवानगी नसलेल्या नव्या योगदानकर्त्यालाही आपल्या प्रतीत पूर्ण इतिहासासह काम करून ते अशा रीतीने सुपूर्द करता येते.

इतर प्रणालींची सवय असलेल्यांना दोन बाबी अपरिचित वाटतात. डार्क्समध्ये आवृत्तीला चढत्या क्रमाचा क्रमांक नसतो. विशिष्ट क्षणीचा पॅचसंच निश्चित करण्यासाठी ‘टॅग’ वापरतात. तसेच स्वतंत्र शाखा हवी असल्यास भांडाराची दुसरी प्रत केली जाते.

बदल मागे घेणे

बदल मागे घेण्याच्या आज्ञांमधील भेद नवशिक्याने काळजीपूर्वक समजून घेणे आवश्यक असते. ‘रिव्हर्ट’ न नोंदवलेले बदल टाकून देते. ‘अनरेकॉर्ड’ पॅचची नोंद काढते, परंतु संचिकांतील मजकूर तसाच ठेवते. ‘रोलबॅक’ मूळ पॅच कायम ठेवून त्याचा परिणाम उलटवते. ‘ऑब्लिटरेट’ ही आज्ञा पॅचची नोंद आणि मजकूर दोन्ही काढून टाकते. त्या पॅचची अन्यत्र प्रत नसल्यास केलेले काम गमावण्याचा धोका असतो. दुसऱ्यांनी आधीच घेतलेला पॅच आपल्या भांडारातून काढला तरी तो त्यांच्या भांडारांत राहतो आणि पुढील देवाणघेवाणीत परत येऊ शकतो.

संघर्ष व मर्यादा

दोन व्यक्तींनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केल्यास संघर्ष उद्भवतो. अशा वेळी डार्क्स दोन्ही पर्याय खुणा करून संचिकेत दाखवते. वापरकर्त्याने योग्य मजकूर निवडून नोंदवला की तो उपाय एक नवा पॅच बनतो.

डार्क्सच्या पहिल्या पिढीत संघर्षात संघर्ष गुंतत गेल्यास पॅच एकत्र करण्याचा काळ घातांकी गतीने वाढत असे. दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या शाखा जोडताना संगणक तासन्‌तास अडकून पडल्याचा अनुभव येई. डार्क्स २ मधील नव्या स्वरूपामुळे अशी प्रकरणे बरीच घटली, परंतु समस्या पूर्णतः नाहीशी झाली नाही. त्यातच २००५ मध्ये सुरू झालेली गिट ही प्रणाली वेगामुळे आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या सेवांमुळे सर्वत्र रुजली. हॅस्केलचा प्रमुख संकलक असलेल्या जीएचसी या प्रकल्पानेही २०११ मध्ये डार्क्स सोडून गिटचा स्वीकार केला.

प्रभाव

वापर मर्यादित राहिला तरी डार्क्सने पॅच हा गणिती अभ्यासाचा विषय बनवला. २००९ मध्ये जुडा जेकबसन यांनी व्यस्त अर्धगटांच्या आधारे, तर २०१३ मध्ये सॅम्युएल मिमराम आणि चिन्झिया दि जुस्टो यांनी संवर्ग सिद्धान्ताच्या आधारे पॅचची मांडणी केली. रस्ट भाषेत लिहिलेली पिहुल ही प्रणाली याच परंपरेतील असून, पॅचची क्रमनिरपेक्षता टिकवून गणनेचा वेग वाढवणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

हेही पहा

आवृत्ती नियंत्रण
गिट
सीव्हीएस
हॅस्केल
मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर