अमेरिकन मराठी मिशन : पहिल्या तुकडीची पूर्वतयारी (१८०६–१८१३)

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील मिशनरी कार्याचा इतिहास बहुधा शाळा, छापखाने व धर्मांतर यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. परंतु ही माणसे मायदेशातून कोणत्या तयारीने निघाली, याचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात १८१३ साली मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन तुकडीच्या पूर्वतयारीचा आढावा घेतला आहे.

संघटन व शिक्षण :
या कार्याचे बीज १८०६ मध्ये विल्यम्स महाविद्यालयातील सॅम्युअल मिल्स व त्यांच्या सहाध्यायांच्या प्रार्थनासभेत पडले. पुढे अँडोव्हर येथील धर्मशिक्षण संस्थेत ही तरुण मंडळी एकत्र आली. जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड येथे ज्येष्ठ धर्मगुरूंपुढे त्यांनी विनंतीपत्र ठेवले. इतक्या जणांच्या खर्चाच्या विचाराने ज्येष्ठ धास्तावतील, म्हणून त्यातून दोन नावे गाळण्यात आली. याच विनंतीतून 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था जन्मास आली. १८११ मध्ये अडोनिराम जडसन यांना लंडन मिशनरी सोसायटीचे सहकार्य मिळते का हे पाहण्यासाठी पाठविण्यात आले. वाटेत फ्रेंचांनी त्यांना पकडून कैदेत टाकले. गॉर्डन हॉल व सॅम्युअल न्यूएल यांनी फिलाडेल्फियास जाऊन वैद्यकाचे धडे घेतले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे हॉल, न्यूएल, जडसन, सॅम्युअल नॉट व ल्यूथर राइस या पाच जणांना दीक्षा देण्यात आली. त्याच महिन्यात दोन जहाजांतून ही मंडळी रवाना झाली.

तयारीतील उणिवा :
धर्मशास्त्र, वैद्यक व निधी या बाबतींत बरीच काळजी घेतली गेली. पण कार्यक्षेत्रच निश्चित नव्हते. बोर्डाचा कल ब्रह्मदेशाकडे होता. मराठी भाषा तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. मिशनऱ्यांविषयी साशंक असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी हातात नव्हती. १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाल्याने या मंडळींकडे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पाहिले जाऊ लागले. कलकत्त्यास पोहोचताच त्यांना देश सोडण्याचे आदेश मिळाले. तेथेच जडसन व राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलून बाप्तिस्त पंथ स्वीकारला. त्यामुळे तुकडीही दुभंगली.

सहप्रवासी पत्नींचा विचार तर त्याहून कमी झाला होता. हॅरिएट न्यूएल यांचा विवाह प्रस्थानाच्या अवघे दहा दिवस आधी, ९ फेब्रुवारीस झाला. कलकत्त्याहून निघाल्यावर समुद्रप्रवासातच त्या प्रसूत झाल्या; अर्भक दगावले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुंबईतील तयारी :
हॉल व नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. तेथेही त्यांच्यावर परत जाण्याची टांगती तलवार होती. सिलोनला जाण्याच्या प्रयत्नात असता त्यांना कोचीनहून परत आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी पुनःपुन्हा अर्ज केले. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि वर्षअखेरीस त्यांना राहण्याची मुभा मिळाली. या अनिश्चिततेतही मराठीचा अभ्यास चालू राहिला. १८१४ मध्ये न्यूएल येऊन मिळाले. १८१५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने नॉट परतले. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यात मराठी छपाई होऊ लागली आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार पूर्ण छापला गेला. न्यूएल १८२१ मध्ये, तर हॉल २० मार्च १८२६ रोजी नाशिक-त्र्यंबकच्या प्रवासात पटकीने मरण पावले. रोगावरील वैद्यकाचे ज्ञानही त्या काळी पटकीपुढे अपुरेच होते.

निष्कर्ष :
या तुकडीची मायदेशातील तयारी 'काय सांगावयाचे' याची होती. 'कोणाला व कोणत्या भाषेत' याची नव्हती. ती उणीव मुंबईत, मराठी भाषकांच्या सहवासात भरून निघाली. म्हणून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ केवळ सेलमच्या दीक्षाविधीत न शोधता मुंबईतील भाषाभ्यासातही शोधावा लागतो. मात्र त्या अपुऱ्या तयारीची किंमत हॅरिएट न्यूएल यांच्यासारख्यांनी मोजली, याची नोंद इतिहासलेखनाने घेणे आवश्यक आहे.