यान उडालं ते कुठून?

१९८४ च्या एप्रिलमध्ये मी सौंसरला शाळेत होते. राकेश शर्मा अंतराळात गेल्याची बातमी बाबांनी रेडिओवर ऐकली आणि अख्ख्या आळीला सांगितली. इंदिराजींचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर तर आम्हा पोरांना तोंडपाठ झालं. यान उडालं कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते मला पन्नाशी उलटल्यावर, पांढुर्ण्याला दुपारच्या वाचनात कळलं. कझाकस्तानातल्या बैकोनूरला सोयूझ यानांसाठी दोन तळ होते. पहिला, १९६१ मध्ये गागारिन जिथून गेले तो. सप्टेंबर १९८३ मधल्या एका रात्री तिथे तितोव आणि स्त्रेकालोव हे दोघं यानात बसले होते. दीड मिनिट उरलं असताना इंधन सांडलं आणि रॉकेटच्या बुडाशी आग लागली. तारा जळाल्या, त्यामुळे आपोआप सुटका होण्याची सोय निकामी झाली. आत बसलेल्यांना तर आगीचा पत्ताही नव्हता. शेवटी वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोन माणसांनी बटणं दाबली. टोकावरच्या लहान रॉकेटनं कुपी उचलून नेली आणि लगेच खाली स्फोट झाला. दोघं चारेक किलोमीटरवर जिवंत उतरले. तळ वीस तास जळत होता.

हेच स्त्रेकालोव सहा महिन्यांनी, ३ एप्रिलला, राकेश शर्मांच्या शेजारी बसले. उड्डाण झालं ते दुसऱ्या तळावरून, क्रमांक ३१ वरून. पहिला जळालेला होता ना!

तळ म्हणजे नुसता सिमेंटचा ओटा नव्हे. यानाला धरून ठेवणारे हात, इंधनाच्या नळ्या, माणसं वर नेणारी लिफ्ट, ज्वाळा वाहून नेणारा खोल खंदक, असं सगळं त्यात आलं. प्रत्येक उड्डाणात हे भाजून निघतं, आणि पुढच्या वेळेआधी पुन्हा तपासावं लागतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावतात. मला तर तळाची देखभाल तशीच वाटते, फक्त तिचा सण नाही.

गागारिनचा तळ २०१९ नंतर वापरात राहिला नाही. उरला क्रमांक ३१. २७ नोव्हेंबर २०२५ ला तिथून तिघं गेले आणि अंतराळ स्थानकात सुखरूप पोचले. पण मागे तळावर दुरुस्तीची फिरती माची खंदकात कोसळली होती. माणसं पाठवायला त्या दिवशी रशियाकडे दुसरी जागा नव्हती.

आपलं गगनयान श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या तळावरून जायचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं तिथे तिसऱ्या तळाला मंजुरी दिली, खर्च ३,९८४.८६ कोटी. मोठ्या रॉकेटांसाठी तो हवाच, शिवाय दुसऱ्याला राखीव म्हणूनही. आमच्या ह्यांनी पेपरातला आकडा वाचून कपाळाला हात लावला. "एका ओट्याला एवढे?"

मी त्यांना स्त्रेकालोवची गोष्ट सांगितली. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तळाचं राहू दे. तो माणूस पुन्हा बसला कसा, ते सांग."

ते मलाही सांगता आलं नाही.