लाखेचं वजन

आमच्या माणदेशात सोनं हौसेसाठी कमी आणि दुष्काळासाठी जास्त घेतलं जायचं. ज्वारी बरी पिकली की बोरमाळेत चार मणी वाढायचे. पावसानं दडी मारली की तेच मणी सोनाराकडं परत. म्हणून सोनं किती खरं, हे आमच्याकडं घेताना नाही, मोडताना कळायचं.

१९७२ च्या दुष्काळात आजीनं बोरमाळ मोडायला काढली. तिच्यासोबत मी होतो. बोरमाळेचा मणी आतून पोकळ असतो. पत्रा पातळ, तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात. सोनारानं मणी विस्तवावर धरले तशी लाख वितळून गळाली आणि ताजव्यात माळ एकदम हलकी झाली.

"काकू, लाख वजा जाणार."

"आन घेताना वो? घेताना सोन्याच्या भावानं, देताना मातीच्या, व्हय?"

सोनार खाली बघत राहिला. घरात दाणा नव्हता. मिळाले ते पैसे कमरेला खोचून आजी निघाली. मला तरी ती सरळ लबाडी वाटते. सोन्याचं वजन वेगळं आणि लाखेचं वेगळं लावता येत होतंच की.

त्या सोनाराकडं कसोटीचा काळा दगड होता. दागिना दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाब सोडायचं. तांबं, चांदी त्यात विरघळते, सोनं टिकतं. पण दगडाला कळतं ते वरच्या कातडीचं. पोटात काय भरलंय ते त्याला कुठून कळणार!

याच्या आधी सोनारांवरही एक वेळ आली होती. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही, म्हणजे चोवीस भागांत सोनं चौदाच भाग. मोडताना ज्याचे धड पैसे येणार नाहीत, ते सोनं आमच्या बायका कशाला घेतील? देशभरात कित्येक सोनार बेकार झाले. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं.

मापाचंही तसंच. आजीचा तोळा बारा माशांचा, ११.६६ ग्रॅमचा. आजचा पेढीवरचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणजे तिचे चार तोळे आजच्या साडेचारांहून थोडे जास्तच भरतात. जुना डाग मोडायला नेताना तोळे सांगू नयेत, ग्रॅम विचारावेत.

आता दागिन्यावर हॉलमार्क असतो. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो बीआयएस केअर ॲपवर घातला की दागिन्याची माहिती दिसते. मागं 'केडीएम' म्हणून दागिने खपवले जायचे. ती काही शुद्धतेची खूण नव्हे. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख.

पण सक्तीच्या हॉलमार्कमधून दोन ग्रॅमच्या आतले दागिने वगळलेत. ज्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत, तो सोनारही वगळलाय. चमकी, फुली, डोरल्याच्या दोन वाट्या, बारशाचे कानातले: आमच्या गावची निम्मी खरेदी एवढीच, आणि तीही गावच्याच सोनाराकडं.

आई तिथं अजून रेघ ओढून दाखवायला लावते, आणि पावतीवर लाखेचं वजन वेगळं लिहून घेते.