कार्यस्थळावरील घातक रसायनांची गळती

कार्यस्थळावरील घातक रसायनांची गळती म्हणजे कारखाना, गोदाम, प्रयोगशाळा, शीतगृह अशा कामाच्या जागी विषारी, ज्वलनशील किंवा दाहक पदार्थ त्याच्या पात्रातून, नळातून वा टाकीतून अनपेक्षितपणे बाहेर पडणे किंवा सांडणे. पूर्वतयारी, गळती आटोक्यात आणणे, सफाई आणि गोळा झालेल्या कचऱ्याची विल्हेवाट हे तिच्या व्यवस्थापनाचे चार टप्पे होत. अनेक प्रसंगी मूळ गळतीपेक्षा चुकीच्या पद्धतीने केलेल्या सफाईमुळे अधिक हानी होते.

स्थानिक संदर्भ

पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांत शेती आणि उद्योग शेजारी शेजारी आहेत. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले गाव भीमा नदीच्या परिसरात असून पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील कोरेगाव भीमा व सणसवाडी येथील कारखाने तेथून जवळ आहेत. याच तालुक्यात रांजणगाव येथे, तर दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे आहेत. कुरकुंभमध्ये रासायनिक उद्योगांचे प्रमाण मोठे आहे.

या परिसरातील ओढे-नाले अखेर भीमेला मिळतात आणि भीमेचे पाणी पुढे सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात जाते. त्यामुळे कारखान्याच्या आवारात सांडलेले रसायन पाण्याचा फवारा मारून गटारात ढकलले, तर जमीन स्वच्छ दिसते. परंतु धोका विहिरी, पिके, जनावरे आणि खालच्या अंगाच्या गावांकडे सरकतो.

गळतीचे प्रकार

द्रव गळतीत आम्ले, अल्कली, सॉल्व्हंट, तेले व कीटकनाशके यांचा समावेश होतो. वायुगळतीत क्लोरीन व अमोनिया हे नेहमी आढळणारे वायू होत. क्लोरीन जलशुद्धीकरणासाठी, तर अमोनिया शीतगृहे, बर्फाचे कारखाने व दूध प्रक्रिया प्रकल्प यांत शीतकरणासाठी वापरतात. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने खोलगट जागी साचतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असला, तरी द्रवरूपातून बाहेर पडताना तो थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो.

पूर्वतयारी

पूर्वतयारीचा आरंभ साठ्याच्या यादीने होतो. कोणते रसायन किती प्रमाणात व कोठे आहे, हे लिखित स्वरूपात असावे लागते. प्रत्येक रसायनासोबत १६ विभागांचे सुरक्षितता माहितीपत्रक येते. त्यातील चौथ्या विभागात प्रथमोपचार, सहाव्यात गळती झाल्यास करावयाची उपाययोजना आणि आठव्यात वैयक्तिक संरक्षण साधने दिलेली असतात. हे पत्रक कार्यालयाच्या कपाटात न राहता कामाच्या जागी, कामगारांना समजेल अशा भाषेत उपलब्ध असणे आवश्यक असते.

परस्परांशी अभिक्रिया करणारी रसायने वेगळी ठेवली जातात. उदाहरणार्थ, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. ड्रम व टाक्यांभोवती बंधारा घातला जातो. त्याची क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के असावी, असा प्रचलित संकेत आहे.

गळती संचात शोषक गाद्या व गुंडाळ्या, कोरडी वाळू, उदासीनीकरणासाठी खाण्याचा सोडा किंवा चुना, प्लॅस्टिकचे फावडे, जाड पिशव्या, झाकणाचा ड्रम, रसायनरोधक हातमोजे, गॉगल, गमबूट व ॲप्रन असतात. डोळे धुण्याची व्यवस्था जवळ असावी लागते. दाहक द्रव डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत, असे सांगितले जाते.

गळतीच्या वेळी करावयाची कृती

प्रथम काम थांबवून सहकाऱ्यांना सावध केले जाते व अनावश्यक व्यक्तींना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे ज्या बाजूने वारा येतो तिकडे, हलवले जाते. क्लोरीनसारखा जड वायू असल्यास उंच जागा गाठणे हिताचे असते. पदार्थाची ओळख पटल्याखेरीज कोणीही जवळ जात नाही. ज्वलनशील बाष्प असल्यास ज्वाला, वाहनांची इंजिने व ठिणगी पाडणारी अवजारे दूर ठेवतात आणि त्या जागेतील विजेची बटणे चालू-बंद करत नाहीत.

त्यानंतर सुरक्षितपणे शक्य असेल तरच झडप बंद करून किंवा ड्रम उभा करून उगम थांबवतात. गटारांची तोंडे झाकून सांडलेल्या द्रवाभोवती शोषक साहित्याचा कडा घालतात. द्रव टिपण्याचे काम कडेकडून मध्याकडे केले जाते; उलट केल्यास डाग पसरतो.

बंद टाकी, खड्डा किंवा सांडपाणी प्रकल्पात बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी श्वसनसाधनाविना उतरणारे स्वतःच बळी पडतात. म्हणून अशा ठिकाणी केवळ प्रशिक्षित व सुसज्ज पथकानेच उतरावे, हा नियम अपवादरहित मानला जातो.

पदार्थानुसार सफाई

संहत सल्फ्यूरिक आम्लावर थेट पाणी ओतल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन आम्ल उसळते. नायट्रिक आम्ल लाकडाच्या भुशाने टिपल्यास भुसा पेट घेऊ शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी वाळू वापरत नाहीत. त्वचेवरील उपचारासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ ठेवावे लागते. अमोनियाचे ढग पाण्याच्या तुषारांनी शोषता येतात. मात्र गळणाऱ्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारल्यास धातूची झीज वाढून छिद्र मोठे होते.

शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापी फुटून पारा सांडल्यास झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्यामुळे पाऱ्याचे कण व बाष्प पसरते. खिडक्या उघडून थेंब कागदाने एकत्र करावेत, ड्रॉपरने उचलावेत आणि उरलेल्या फटींत गंधकाची भुकटी टाकावी.

कचऱ्याची विल्हेवाट

दूषित शोषके, माती व हातमोजे हाही घातक कचराच ठरतो. घातक व इतर कचरा नियम, २०१६ नुसार तो खूणचिठ्ठी लावून सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतच आवारात साठवता येतो आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा लागतो. पुणे परिसरासाठी असे सामाईक केंद्र रांजणगाव येथे आहे.

कायदेशीर चौकट

भोपाळमधील २–३ डिसेंबर १९८४ च्या मिथाइल आयसोसायनेट वायुगळतीनंतर आणि दिल्लीतील ४ डिसेंबर १९८५ च्या ओलियम गळतीनंतर भारतातील कायदे कडक झाले. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी निरपवाद उत्तरदायित्वाचे तत्त्व मांडले. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली घातक प्रक्रियांविषयीचे प्रकरण जोडले गेले. त्याने कामगार व आसपासच्या रहिवाशांना धोक्याची माहिती देणे बंधनकारक केले, तसेच नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना दिला. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी मोठ्या साठ्याच्या कारखान्यांना आपत्कालीन योजना व दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम बंधनकारक केली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखाने अधिनियमासह १३ कायदे एकत्र करण्यात आले. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या प्रमुख यंत्रणा आहेत.

शिवडी येथील घटना

१४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागातील बंदर न्यासाच्या गोदामातून क्लोरीनची गळती होऊन शंभराहून अधिक लोक बाधित झाले. गळती झालेले सिलिंडर अनेक वर्षे तेथे पडून होते. वापरात नसलेला, मालक नसलेला किंवा चिठ्ठी पुसली गेलेला साठा हाच अनेकदा सर्वांत धोकादायक असतो, हे या घटनेने दाखवले. साठ्याची नियमित तपासणी व मुदतबाह्य रसायनांची वेळीच विल्हेवाट यांना म्हणूनच गळती प्रतिबंधात अग्रस्थान दिले जाते.